न्याहारीचा हिशेब

दौंडच्या शाखेत असतानाची गोष्ट. साल २००९. पुण्याहून सकाळच्या गाडीने दौंडला जायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचे, असा माझा तेव्हाचा क्रम होता. गाडीत आमची एक ठरलेली मंडळी असे. दोन शिक्षक, एक पाटबंधारे खात्यातले, एक रेल्वेतलेच आणि मी बँकेतला. घरून निघताना प्रत्येकाच्या पोटात एक कप चहा, फार तर दोन बिस्किटे. ‘सकाळी मला काही जात नाही’ हे वाक्य उरुळी येईपर्यंत एकदा तरी कुणीतरी बोलेच, आणि बाकीचे माना डोलवीत. त्यात थोडा अभिमानही असायचा. न खाता कामाला लागणारा माणूस कष्टाळू, अशी काहीशी आमची समजूत होती.

मला मधुमेह निघून त्या वेळी वर्ष झाले होते. सकाळी एक गोळी घ्यायची होती. ती मी नेमाने घेत असे. तिच्यामागून जे घ्यायचे, ते मात्र घेत नसे.

एके दिवशी अकराच्या सुमारास काउंटरवर गर्दी होती. मी केबिनमध्ये सह्या करीत होतो. हात थरथरायला लागला, कपाळाला घाम फुटला आणि समोरचे आकडे पाण्यात पडल्यासारखे हलू लागले. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या ताडून पाहिल्या, त्या माणसाची स्वतःचीच सही जुळेना. आमचे शिपाईमामा चेक न्यायला आले होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि काही न विचारता बाहेर जाऊन गुळाचा खडा आणला. दौंड तालुका गुऱ्हाळांचा, तिथे गूळ मिळायला काय वेळ! ‘साहेब, आधी हे तोंडात टाका, मग बोला.’ पंधरा मिनिटांत मी पुन्हा माणसांत आलो.

संध्याकाळी गावातल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. ‘सकाळी काय खाल्लंत?’ मी म्हटले, ‘चहा, बिनसाखरेचा.’ ‘आणि गोळी?’ ‘घेतली की.’ ते हसले. म्हणाले, ‘मग गोळीनं तिचं काम चोख केलं. तुम्ही तिला कामाला माल दिला नव्हता, एवढंच.’

ती गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावणारी होती. पोटात अन्न नसले तरी ती इन्शुलिन सोडायला लावतेच, आणि मग रक्तातली असलेली साखरही खाली जाते. हे मला कुणी सांगितले नव्हते असे नाही. मीच कान दिला नव्हता. त्या दिवसापासून मात्र सकाळचे खाणे या साध्या विषयात मी लक्ष घालू लागलो. निवृत्तीनंतर वाचायला वेळही मिळाला. जे वाचले आणि जे शिरूर-दौंडच्या नोकरीत पाहिले होते, ते दोन्ही शेजारी ठेवल्यावर माझ्या काही जुन्या समजुती गळून पडल्या. त्यांचाच हा हिशेब.

पहिली समजूत अशी, की सकाळी खाल्ले नाही तर चयापचय मंदावते आणि माणूस जाड होतो. हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलेले असते, की ते खरे आहे का, हे विचारायचेच राहून जाते.

आधी शरीरात काय होते ते पाहू. रात्री नऊला जेवून माणूस झोपतो. दोन-चार तासांत पोटातले अन्न मार्गी लागते. त्यानंतर शरीर स्वतःच्या साठ्यावर चालते. यकृतात साधारण शंभर ग्रॅमच्या आसपास साखर ग्लायकोजेनच्या रूपात ठेवलेली असते. तिला आपण बचत खाते म्हणू. पाहिजे तेव्हा काढता येते, पण रक्कम थोडी. मेंदूला एकट्याला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम साखर लागते, आणि झोपेतही तो काही सुटीवर नसतो. म्हणून पहाटेपर्यंत हे खाते बरेच उतरते. दुसरीकडे चरबीची मुदत ठेव असते. शरीर ती हळूहळू मोडू लागते आणि यकृत इतर पदार्थांपासून नवी साखर तयार करू लागते. पहाटे कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके वाढतात आणि माणूस उठायच्या आतच रक्तात थोडी साखर सोडून ठेवतात. निरोगी माणसाला उठल्या उठल्या भूक लागत नाही, याचे एक कारण हे असावे. शरीराने सोय आधीच केलेली असते.

आता सकाळी खाल्लेच नाही, तर? निरोगी माणसाच्या शरीरात हीच व्यवस्था आणखी काही तास पुढे चालते. चरबी थोडी जास्त वापरली जाते. स्वस्थ पडून असतानाही श्वास, रक्ताभिसरण, शरीराची ऊब यांवर जो खर्च होतो, तो आपल्या एकूण खर्चाचा निम्म्याहून मोठा भाग असतो. एक न्याहारी चुकवल्याने तो कमी होत नाही. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली हे तपासून प्रसिद्ध केले. सहा आठवडे काहींना सकाळी भरपूर खायला दिले, काहींना दुपारपर्यंत काहीच दिले नाही. दोन्ही गटांत विश्रांतीतला खर्च जवळजवळ होता तिथेच राहिला. फरक पडला तो वेगळ्याच ठिकाणी. सकाळी खाणारी माणसे दिवसभरात अधिक हालचाल करीत होती, आणि न खाणारी नकळत हातपाय आवरून बसत होती. पुढे २०१९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अशा तेरा प्रयोगांचा एकत्र आढावा आला. सकाळी खाणारे दिवसाला सरासरी २६० कॅलरी जास्तच खात होते आणि न खाणाऱ्यांचे वजन वाढलेले नव्हते. प्रयोग थोड्या मुदतीचे आणि काहीसे कच्चे होते, हे आढावा घेणाऱ्यांनीच नोंदवले आहे. पण ‘न्याहारी सोडली की माणूस फुगतो’ या समजुतीला त्यातून आधार मिळाला नाही, हे खरे.

‘न्याहारी हे दिवसातले सर्वांत महत्त्वाचे जेवण’ या वचनाचा उगम पाहिला तर तो अमेरिकेतल्या बॅटल क्रीक गावाकडे जातो. तिथल्या आरोग्यधामाच्या मासिकात १९१७ साली हा विचार छापला गेला, आणि त्या आरोग्यधामाचे प्रमुख होते कॉर्नफ्लेक्सवाले डॉ. केलॉग. एवढे कळल्यावर बँकेतला माणूस जरा सावध होतोच. कर्ज मागणाऱ्यानेच मूल्यांकन करून आणले, तर आपण ते पुन्हा तपासतो.

इथे थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. ‘भूक नसेल तर खाऊ नका’ असे म्हणून मोकळा झालो असतो. पण मला शिरूर आठवते.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस मी शिरूरच्या शाखेत होतो. जुनी माणसे त्या गावाला अजूनही घोडनदीच म्हणत. पीककर्जाच्या पाहणीसाठी मोटारसायकलवरून गावोगाव हिंडावे लागे. तेव्हा रांजणगावला औद्योगिक वसाहत यायची होती, आणि गावे सकाळी शेतात रिकामी होत. न्याहारी हा शब्द मी खऱ्या अर्थाने तिथे ऐकला. शेतकरी पहाटे उठे, धारा काढी, चहा घेई आणि कामाला लागे. नऊ-साडेनऊला बांधावर भाकरी, ठेचा, कांदा, कधी कालवण येई. म्हणजे उठल्यापासून चार तास तोही काही खात नसे. पण तोवर दोन-तीन तासांचे काम अंगावेगळे झालेले असे आणि भूक खरी असे. आमच्या गाडीतल्या मंडळींनी ‘सकाळी जात नाही’ म्हणणे आणि त्याने बांधावर न्याहारीची वाट पाहणे, यांत घड्याळाचा फरक थोडा होता. देहाचा फरक फार होता.

ती भाकरी घेऊन येणारी बाई असे. ती त्याच्याही आधी उठलेली. पाणी भरून, शेण काढून, भाकऱ्या थापून, पोरांचे आवरून मैल-दीड मैल चालत आलेली. एकदा एका बांधावर मलाही आग्रहाने बसवले. मी त्या माउलीला विचारले, ‘वहिनी, तुमचं?’ ती म्हणाली, ‘तुमी खावा, मी खाते मागनं.’ आणि खुरपे घेऊन पाटात उतरली. तिच्या पोटात सातवा महिना होता. मी त्या वेळी ऊस किती एकर, विहिरीला पाणी किती, एवढे वहीत लिहून निघून आलो. ‘मागनं’ म्हणजे किती वाजता, आणि तोवर भांड्यात काय उरते, हे माझ्या तक्त्यात कुठेच नव्हते.

ते मोजायचे काम दुसऱ्या कुणीतरी केले. शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्यकेंद्र आहे. डॉ. बानू कोयाजी यांनी या रुग्णालयाला खेड्यांकडे वळवले. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. बाई गरोदर राहण्याच्या आधीपासून तिचे वजन, उंची, आहार, काम यांची नोंद ठेवायची आणि पुढे तिच्या बाळावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवायचे, असा तो बेत होता. सुमारे आठशे गरोदरपणांची नोंद झाली. त्या बायकांचे गरोदर राहण्यापूर्वीचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते. गरोदरपणात त्या दिवसाला साधारण १८०० कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिने खात होत्या, आणि शेतातली, पाण्याची कामे करीतच होत्या. ज्यांच्यावर कामाचा बोजा अधिक, त्यांची बाळे लहान निघाली. ज्यांच्या ताटात पालेभाजी, फळे आणि दूध वरचेवर होते, त्यांची बाळे मोठी निघाली.

बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या घरात होते. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोची. त्यात नवल नव्हते. नवल पुढेच होते. आमची बाळे सगळीकडून बारीक होती, स्नायू कमी होते, पण चरबी मात्र त्या मानाने राखलेली होती. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीदार. मोठेपणीही हीच गत. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे मित्र डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडे सडपातळ माणसालाही मधुमेह का होतो, या कोड्याचे एक टोक इथे सापडते. याच खेड्यांतल्या दोनतृतीयांश गरोदर बायकांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली, हे २००८ साली प्रसिद्ध झाले.

हा अभ्यास न्याहारीचा नव्हता, हे स्पष्ट सांगायला हवे. कुणी किती वाजता खाल्ले, यावर त्याने निकाल दिलेला नाही. पण चयापचय ही गोष्ट आपण आज सकाळी पोहे खाल्ले की नाही, एवढ्यावर ठरत नाही; तिचा पाया आईच्या ताटात घातला जातो, हे त्याने दाखवले. आणि आईच्या ताटातला घास कुठल्या वेळी सर्वांत आधी गळतो, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. सकाळच्या वेळी.

गरोदर बाईच्या बाबतीत सकाळ चुकवणे वेगळेच असते. तिच्या शरीरात उपाशीपणाचे बदल लवकर घडतात. रक्तातली साखर इतरांपेक्षा लवकर खाली येते आणि चरबी जळून होणारी कीटोन द्रव्ये लवकर वाढतात. रात्रीच्या जेवणापासून दुपारपर्यंतचा काळ तुम्हा-आम्हाला उपवास वाटेल, तिच्या देहाला ती उपासमार वाटते.

मधुमेह्याचेही तसेच. तेल अवीवच्या डॉ. डॅनिएला याकुबोविच यांनी २०१५ साली दाखवले, की मधुमेह्यांनी न्याहारी सोडली तर दुपारचे तेच जेवण जेवूनही साखर सुमारे ३७ टक्के जास्त चढते आणि रात्रीच्या जेवणानंतर सुमारे २७ टक्के. पहिले जेवण दुसऱ्या जेवणासाठी स्वादुपिंडाला तयार करून ठेवते. ही उजळणी चुकली की दुपारी त्याची धावपळ होते. शिवाय शरीराच्या घड्याळानुसार सकाळी साखर पचवण्याची ताकद रात्रीपेक्षा चांगली असते. सकाळ सोडून रात्री अकराला भरपेट जेवायचे, म्हणजे गिऱ्हाइकांच्या वेळेत काउंटर बंद ठेवायचे आणि रात्री उघडायचे.

मराठी घरांत २०१८च्या सुमारास या विषयावर मोठा वाद रंगला होता. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघर नेलेला दिवसातून दोनदाच खाण्याचा विचार एका बाजूला, आणि ऋजुता दिवेकरांचा थोड्या थोड्या वेळाने, घरचे, आपल्या मातीतले खाण्याचा विचार दुसऱ्या बाजूला. लग्नाच्या पंगतीत लोक यावरून हमरीतुमरीवर आले. मला त्यात एक गंमत दिसली. दोन्ही बाजूंनी भांडणाऱ्यांच्या घरात खायला भरपूर होते. कधी खावे, हा प्रश्न किती मिळते याची चिंता मिटल्यावरच पडतो.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ साली ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिले. त्यांचा विश्रांतीतला खर्च सुमारे चाळीस टक्क्यांनी घसरला. हात गार पडत, जिना चढवेना, मन कशात लागेना. चयापचय मंदावते ते असे. एका सकाळी न खाल्ल्याने नव्हे, तर महिनोन्‌महिने कमी मिळाल्याने. म्हणून मला वाटते, आपण प्रश्नच चुकीचा विचारतो. न्याहारी सोडली तर काय होते, याला एक उत्तर नाही. ती कोणी सोडली, आपण होऊन सोडली की सोडावी लागली, आणि दिवसात पुढे तिची भरपाई झाली का, यावर सारे आहे. पोट सुटलेला, दिवसभर खुर्चीत बसणारा निरोगी माणूस सकाळी जेवला नाही तर त्याचे फारसे बिघडत नाही. मात्र त्याने त्या जागी दोन चमचे साखरेचा चहा आणि बिस्किटांचा पुडा ठेवू नये. तो उपवासही नव्हे आणि न्याहारीही नव्हे. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ यातलाच तो प्रकार. पण गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने, गरोदर बाईने, वाढत्या वयाच्या मुलाने आणि अंगमेहनत करणाऱ्याने या हिशेबात स्वतःला धरू नये. त्यांची खाती वेगळी आहेत.

मुलांचे खाते सरकारनेही पाहायला हवे. शाळेतल्या दुपारच्या जेवणाची योजना १९९५ साली आली. आधी कोरडा तांदूळ आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००१च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न, असा तिचा प्रवास. खिचडीने किती पोरांना शाळेत टिकवले, ते खेड्यातल्या शिक्षकांना विचारावे. पण सकाळी आईबरोबर उसाच्या फडावर जाऊन आलेले पोर प्रार्थनेला उभे राहते, तेव्हा खिचडीला अजून तीन तास असतात. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शाळेत सकाळचा पौष्टिक नाश्ता द्यावा, असे म्हटले आहे. तमिळनाडूने सप्टेंबर २०२२पासून सरकारी शाळांत पहिली ते पाचवीच्या मुलांना तो द्यायला सुरुवातही केली. आपल्या राज्याने हे का करू नये, याचे पटणारे उत्तर मला सापडलेले नाही. पहिल्या तासाला फळ्यावरची अक्षरे पोराला पाण्यात पडल्यासारखी दिसत असतील, तर तो दोष पोराचा नाही. मला ती तशी दिसली आहेत, दौंडला, अकरा वाजता.

आता घरचे. माझ्या त्या प्रसंगानंतर आमच्या घरात सकाळी आठला माझ्यासमोर ताटली येऊ लागली. कधी ज्वारीची धिरडी, कधी मोड आलेल्या मटकीची उसळ आणि अर्धी भाकरी. गोळी आणि ताटली, दोन्ही वेळेवर. माझी साखर आटोक्यात आली. मी सगळ्यांना सांगत फिरे, की न्याहारीने मला वाचवले. पुढे तीन-चार वर्षांनी पत्नीला जिना चढताना धाप लागू लागली. तपासणीत हिमोग्लोबिन आठ आणि ब-१२ अगदी तळाला. डॉक्टरांनी तिलाही तोच प्रश्न विचारला, ‘सकाळी काय खाता?’ ती माझ्याकडे पाहून गप्प राहिली. उत्तर मला द्यायचे होते आणि मला ते येत नव्हते. पस्तीस वर्षे रोज संध्याकाळी पैशापैशाचा ताळा लावल्याशिवाय मी तिजोरी बंद केली नाही. आणि ज्या घरात रोज जेवलो, तिथे एक माणूस दिवसाचा पहिला घास किती वाजता घेते, हे मला सांगता येईना. ते मी तिला घरी आल्यावर विचारले. ती म्हणाली, ‘तुमचं सगळ्यांचं झाल्यावर. कधी अकरा, कधी साडेअकरा. कधी राहतंही.’

बांधावरची ती बाई ‘मागनं’ म्हणाली होती. माझ्या घरातली बाई तेवढेही म्हणत नव्हती.

हल्ली आम्ही सकाळी आठला दोन ताटल्या मांडतो. कधी मी भाकरी परततो, कधी कांदा चिरतो. हात कापून घेण्याचे प्रमाण आता कमी आहे. दुसरी ताटली समोर आल्याशिवाय पहिलीला हात लावायचा नाही, एवढा एकच नियम. त्याला पैसा लागत नाही, पुस्तक लागत नाही आणि कुठला वादही मिटवावा लागत नाही. आज रविवार आहे. हे वाचताना आपल्यासमोर बहुधा पोहे असतील. ते ज्या हातांनी केले, त्या हातांत ताटली आहे का, एवढे मान वर करून पाहावे.